कारण लेखी मागा

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने आधी उशिरा सुटू लागली आणि मग रद्द होत गेली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात या एकाच कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दिवस लग्नसराईचे. मुंबई असो, पुणे असो की गोवा, काउंटरपुढे तीच गर्दी आणि तेच तीन प्रश्न: दुसरे विमान कधी, पैसे परत कधी आणि माझी बॅग कुठे आहे? अशा गर्दीत चौथा प्रश्न सुचत नाही, आणि सुचला तरी विचारायचे त्राण उरलेले नसते. तो प्रश्न असा: हे विमान नेमके कशामुळे रद्द झाले? भारतातल्या विमान प्रवाशाचे हक्क समजून घ्यायचे तर मी याच प्रश्नापासून सुरुवात करीन. जेवण, हॉटेल, दुसरे विमान किंवा पूर्ण रिफंड या गोष्टी बहुतेक वेळा मिळतात. नुकसानभरपाई मात्र कारणावर ठरते. आणि ते कारण सांगणारी असते विमान कंपनीच.

हे हक्क ज्या नियमातून आले, तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ६ ऑगस्ट २०१० रोजी काढला आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेपासून लागू केला. विभाग ३, मालिका एम, भाग ४ असा त्याचा पत्ता. त्यात नंतर अनेकदा सुधारणा झाल्या, तरी सांगाडा तोच राहिला आहे. विमानाला उशीर होणे, विमान रद्द होणे आणि तिकीट पक्के असूनही विमानात बसू न देणे अशा तीन प्रसंगांसाठी तीन वेगळी मापे त्यात दिली आहेत. डीजीसीएच्या संकेतस्थळावर हा नियम कोणालाही वाचता येतो. भाषा रूक्ष आहे, पण पाने थोडी आहेत. प्रवासाला निघण्यापूर्वी त्याची ताजी प्रत मोबाइलमध्ये उतरवून ठेवावी. काउंटरवर नियमाचे कलम दाखवून बोलणाऱ्याशी वेगळ्या सुरात बोलले जाते.

विमान रद्द होण्यापासून सुरू करू, कारण पैशाचा संबंध तिथे सर्वांत थेट आहे. कंपनीने दोन आठवडे आधी कळवले, तर तिने दुसरे विमान द्यायचे किंवा तिकिटाचे पैसे परत करायचे. भरपाईचा प्रश्न येत नाही. दोन आठवड्यांहून कमी पण निदान २४ तास आधी कळवले, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारे दुसरे विमान किंवा रिफंड, जे प्रवाशाला मान्य असेल ते. तेवढी सूचनाही दिली नाही, तर रिफंड किंवा पर्यायी विमान या दोन्हींखेरीज भरपाई द्यावी लागते. एकाच तिकिटावरचे पुढचे विमान चुकले तरीही हेच लागू होते. भरपाईची कमाल मर्यादा उड्डाणाच्या ठरलेल्या कालावधीवर आहे: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,०००.

हे आकडे वर्तमानपत्रांत ठळक छापून येतात आणि तिथेच लोकांचा गैरसमज होतो. नियमात त्यांच्यापुढे आणखी काही शब्द आहेत: ही रक्कम किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. समजा, पुणे–नागपूर तिकिटात मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून २,८०० रुपये आहेत. उड्डाण एक ते दोन तासांच्या गटातले, म्हणून मर्यादा ७,५००. पण हातात येणार २,८००. विमानतळाचे शुल्क आणि कर यांची त्यात गणती नाही. स्वस्तात तिकीट काढलेल्याची सकाळ, त्याची मुलाखत किंवा दवाखान्याची वेळ स्वस्त असते असे हा हिशेब गृहीत धरतो. ऐन वेळी दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढायला लागणारे पैसे त्यातून निघत नाहीत. डिसेंबर २०२५मध्ये सरकारला दुसऱ्या कंपन्यांच्या भाड्यावर मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये, यावरून ऐन वेळचे तिकीट कुठवर जाते याची कल्पना येईल. या मर्यादा वाढायला हव्यात आणि त्या भाड्यापासून सोडवायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

याच कलमात एक अट आहे, जी घरोघरी सांगायला हवी. प्रवाशाने संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर भरपाई मिळत नाही. आपल्याकडे कितीतरी तिकिटे गल्लीतल्या एजंटाकडून निघतात, आणि घाईत एजंट स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्या फोनवर जातो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो आणि आजी-आजोबा पहाटे विमानतळावर पोहोचतात. कंपनी म्हणते, आम्ही कळवले होते. तिकीट हातात आले की त्यावरचा नंबर आपला आहे ना, हे आधी पाहावे.

उशिराचे गणित वेगळे. भारतात नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही, तो दहा तासांचा असला तरी. मिळते ती देखभाल. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल, तर जेवणखाण द्यावे लागते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी तीन तासांचा आणि त्याहून लांबच्या प्रवासासाठी चार तासांचा उशीर धरतात. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशाला दुसरे विमान किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. उशीर २४ तासांच्या पुढे गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारे विमान सहा तासांहून अधिक रखडले, तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीच्या खर्चाने.

रद्द केले तर पैसे आणि उशीर झाला तर जेवण, अशी ही रचना आहे. त्यामुळे विमान उडणार नाही हे कळल्यावरही फलकावर ‘उशीर’ झळकत ठेवण्यात कंपनीचा फायदा असतो. एक तास, मग आणखी एक तास, मग आणखी दोन, असे करत लोकांना ताटकळत ठेवले जाते ते यामुळेही. म्हणून सहा तासांची रेषा लक्षात ठेवावी. फलकाचा आणि आलेल्या प्रत्येक संदेशाचा वेळेसकट फोटो काढून ठेवावा. सहा तासांचा आकडा ओलांडला जाणार हे कंपनीच्याच संदेशावरून दिसले, की लगेच रिफंडचा किंवा दुसऱ्या विमानाचा पर्याय मागावा. कंपनीने तो देण्याची वाट पाहत बसू नये.

आता कारणाकडे. कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या असाधारण परिस्थितीमुळे विमान रद्द झाले आणि सगळे वाजवी उपाय करूनही ते टळले नसते, तर नियम तिला भरपाईतून मोकळे करतो. त्याची यादीही दिली आहे: राजकीय अस्थैर्य, नैसर्गिक आपत्ती, यादवी, दंगल, पूर, स्फोट, सरकारी नियम किंवा आदेश, संप. शिवाय हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान आणि सुरक्षेचा धोका यांच्याशी स्पष्टपणे जोडता येणारा खोळंबा. शेवटी ‘आवाक्याबाहेरची इतर कारणे’ असे मोठे तोंड उघडे ठेवले आहे, आणि त्यात काहीही घालता येते.

पण यादीत तांत्रिक बिघाडाचे नाव नाही, वैमानिक कमी पडल्याचेही नाही. ‘स्पष्टपणे’ या शब्दालाही वजन आहे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी दिल्लीत धुके असले तर त्याची पुढची प्रत्येक फेरी लांबते, आणि रात्री मुंबई–नागपूरच्या प्रवाशांना सांगितले जाते, ‘हवामान’. मुंबईत तारे दिसत असतात, नागपुरातही. सकाळचे धुके आणि रात्रीचे विमान यांच्या मधल्या बारा तासांत कंपनीने काय केले, राखीव विमान होते का, फेऱ्यांची फेरमांडणी केली का, हे विचारण्याचा प्रवाशाला पूर्ण अधिकार आहे. आणि पडताळणी अवघड नाही. आपले विमान आधी कुठून येणार होते आणि आता कुठे आहे, हे फ्लाइटरडार२४सारख्या सेवेवर मोबाइलवर दिसते. त्याच तासाला त्याच मार्गावर इतर कंपन्यांची विमाने उडाली असतील, तर हवामानाचा दावा लंगडा पडतो.

डिसेंबर २०२५चा गोंधळ या कसोटीला लावून पाहण्यासारखा आहे. त्याच्या मुळाशी वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम होते: आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती, रात्री विमान उतरवण्यावर मर्यादा. थकलेल्या वैमानिकाने विमान उतरवू नये, यासाठीचे हे नियम, आणि ते प्रवाशाच्याच जिवासाठी आहेत. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला. यादीत ‘सरकारी नियम’ हे शब्द आहेतच; तेव्हा कोणी म्हणू शकेल, बघा, नियम सरकारचा, आम्ही काय करणार? पण हे नियम जाहीर झाले होते जानेवारी २०२४मध्ये. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती, आणि तेच नियम पाळून इतर कंपन्यांची विमाने उडत होती. वाजवी उपाय करूनही टळले नसते, असे याबद्दल म्हणता येत नाही. कंपनीने पुढे, उड्डाणाआधीच्या २४ तासांत विमान रद्द झालेल्यांना नियमाप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपये आणि ३ ते ५ डिसेंबरला सर्वाधिक हाल झालेल्यांना वर १०,००० रुपयांची व्हाउचर देण्याचे जाहीर केले. सारा देश पाहत होता म्हणून हे झाले. एखाद्या मंगळवारी एकच विमान वैमानिकाअभावी रद्द होते तेव्हा कोणी पाहत नसते, आणि तेव्हा प्रवाशाच्या हातात फक्त त्याने लेखी घेतलेले कारण असते.

कारण खरोखरच धुक्याचे असले तर? तरीही कंपनीची सूट भरपाईपुरती असते, माणसाला उपाशी ठेवण्याची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनच्या खटल्यात हे स्पष्ट केले. दिल्लीहून हैदराबादला जाणारे पहाटेचे विमान दाट धुक्यात अडकले होते आणि प्रवासी तासन् तास आत बसून होते. स्थायी लोकअदालतीने प्रवाशाला भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण धुक्यावर कंपनीचा ताबा नव्हता आणि तिने खाण्यापिण्याची सोय केल्याचे दिसत होते. निकाल कंपनीच्या बाजूने गेला, पण जाताना न्यायालयाने एक तत्त्व पक्के केले: स्वस्त भाड्याची कंपनी असली तरी विमानात अडकलेल्या प्रवाशाला अन्नपाणी आणि किमान सोयी देण्यातून तिची सुटका नाही. ‘आमच्या तिकिटात जेवण नसते’ हे उत्तर अशा वेळी चालत नाही.

तरीही काय घडते, ते १४ जानेवारी २०२४ला दिसले. गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान आधीच रखडले होते. दिल्लीतल्या धुक्यामुळे ते मुंबईला वळवले गेले. वैतागलेले प्रवासी विमानातून उतरले आणि विमाने उभी राहतात त्या तळावरच मांडी घालून जेवायला बसले. ती चित्रफीत देशभर फिरली. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड केला, मुंबई विमानतळ चालवणाऱ्यांनाही दंड झाला. तो दंड सुरक्षेतल्या चुकीसाठी होता आणि सरकारजमा झाला. दंड झाल्याची बातमी वाचून आपल्याला न्याय मिळाला असे वाटते, पण प्रवाशाच्या नुकसानभरपाईची वाट वेगळी आहे आणि ती त्याला स्वतः चालावी लागते.

तिसरा प्रसंग, पक्के तिकीट असून बसू न देण्याचा. काही प्रवासी येतच नाहीत, या अनुभवावर कंपन्या जागांपेक्षा अधिक तिकिटे विकतात. अमेरिकेत याच कारणाने १९७२मध्ये ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना विमानात जागा मिळाली नाही. त्यांनी कंपनीला कोर्टात खेचले आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याआधी, १९६८मध्ये, ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने एक उपाय सुचवला होता. कोणाला उतरवायचे हे कंपनीने ठरवू नये. किती पैसे मिळाले तर तुम्ही थांबाल, असे प्रवाशांनाच विचारावे. विमान कंपन्यांनी आधी हा उपाय उडवून लावला. १९७८मध्ये अमेरिकेने स्वयंसेवक मागण्याची पद्धत स्वीकारली आणि तिथून ती जगभर पसरली. आपल्या नियमातही कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे आहेत. कोणी तयार नसेल आणि जबरदस्तीने मागे ठेवले, तर एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. २४ तासांच्या आतले दिल्यास मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचे दिल्यास चौपट, कमाल २०,०००. दुसरे विमान नकोच असेल तर पूर्ण रिफंड आणि वर चौपट. इथे कारणाचा वाद उरत नाही, कारण जास्त तिकिटे विकणे हा कंपनीचाच निर्णय असतो. जून २०२२मध्ये डीजीसीएने अशी भरपाई न दिल्याबद्दल एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता. वेळेत चेक-इन केल्याचा पुरावा मात्र आपल्याजवळ हवा, नाहीतर ‘उशिरा आलात’ हे उत्तर तयार असते.

परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी युरोपचा कायदा माहीत करून घ्यावा. तो आपल्यापेक्षा कितीतरी प्रवाशाच्या बाजूचा आहे. २००५पासून लागू असलेल्या नियम २६१नुसार ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासाला ६०० युरो भरपाई आहे, तिकीट कितीचेही असो. २००८मध्ये युरोपीय न्यायालयाने तांत्रिक बिघाड ही सहसा असाधारण परिस्थिती मानता येत नाही असे ठरवले, आणि २००९मध्ये तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचणाऱ्यालाही भरपाईचा हक्क दिला. फ्रँकफर्टहून मुंबईला येणारे विमान एअर इंडियाचे असो की लुफ्थान्साचे, हा कायदा लागतो. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना मात्र फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागतो. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावरही असाच नियम पौंडांत ठेवला.

आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग मोडली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत कंपनीला लेखी तक्रार द्यावी लागते. भारताने २००९मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल कराराची ती मुदत आहे. आणि एक सावधगिरी: नागपूर–मुंबई एका कंपनीचे आणि मुंबईहून अमेरिकेचे दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट काढले, तर पहिले विमान उशिरा आल्यावर दुसऱ्या कंपनीची कसलीच जबाबदारी नसते. चार पैसे वाचवायला केलेली ही फोड फार महागात पडते. एकाच पीएनआरवर संपूर्ण प्रवास असावा.

रिफंडच्या बाबतीत एकच आग्रह धरावा: पैसे पैशांतच. पुढच्या प्रवासासाठी रक्कम कंपनीकडे ठेवायची की परत घ्यायची, हे प्रवाशाने ठरवायचे असते, आणि भरपाईच्या बदल्यात व्हाउचर द्यायचे तर त्याची सही लागते. सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नये. जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३मध्ये बंद पडली, तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेले हजारो लोक पैशांसाठी ताटकळले. ज्या कंपनीचे विमान आज उडाले नाही, तिच्याकडे आपले पैसे वर्षभर ठेवण्यात शहाणपण नाही.

हे सगळे मिळवायचे कसे? विमानतळावर असतानाच सुरुवात करावी. कारण लेखी मागावे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने नकार दिला तर त्याच्यावर आवाज चढवू नये. निर्णय त्याचा नसतो आणि पहाटेपासून तोही उभा असतो. त्याऐवजी तिथेच बसून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करावा: अमुक क्रमांकाचे विमान, अमुक वेळी आपल्या कर्मचाऱ्याने अमुक कारण सांगितले, चुकीचे असल्यास कळवावे. त्याच तासाला लिहिलेला हा मजकूर पुढे पुरावा ठरतो. बोर्डिंग पास, टॅक्सीची आणि जेवणाची बिले, बदललेल्या वेळेचे संदेश जपून ठेवावेत.

कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करावी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तिथेही अडले तर जिल्हा ग्राहक आयोग. अनेकजण इथे थबकतात, कारण कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला आणि आपण सांगलीला. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करण्याची सोय केली आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. अर्जाचा मसुदा करायला अडचण आली तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. मुदत आहे घटनेपासून दोन वर्षांची.